रोजचा वाचक : मराठी समीक्षेतून सुटलेली एक कोटी

१

मराठी समीक्षेत वाचकाचा उल्लेख वारंवार होतो. तथापि हा वाचक कोठे राहतो, घरी कोणती भाषा बोलतो, पुस्तक कोठून मिळवतो आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी वाचतो, याविषयी ती सहसा मौन बाळगते. रसचर्चेत तो 'सहृदय' असतो, सौंदर्यशास्त्रीय चर्चेत 'रसिक' असतो. आणि वोल्फगांग इझर, हान्स रोबर्ट याउस यांच्या मांडणीशी परिचय झाल्यानंतर तो 'संहितेने गृहीत धरलेला वाचक' बनतो. या तिन्ही कोटी उपयुक्त आहेत, यात शंका नाही. परंतु तिन्हींमध्ये वाचक ही एक तार्किक गरज म्हणून अवतरते. संहितेला अर्थ प्राप्त व्हायचा तर कोणीतरी तिच्यासमोर असणे आवश्यक, म्हणून तो तेथे असतो.

वस्तुतः या कोटींच्या मुळाशी वाचनाच्या रोजच्या व्यवहाराची जाणीव होती. अभिनवगुप्ताने सहृदयाचे जे वर्णन केले आहे, त्यात काव्याच्या सतत परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा निर्मळ झाला आहे, अशी अट आहे. म्हणजे सहृदयता ही जन्मजात देणगी नसून ती अभ्यासाने, सरावाने येते. अभ्यासाला वेळ लागतो, साधने लागतात, सोबत लागते. मराठी समीक्षेने या वर्णनातील आरसा उचलला. तो घासून स्वच्छ करण्याचा दैनंदिन खटाटोप मात्र तिला चर्चेचा विषय वाटला नाही. परिणामी 'चोखंदळ वाचक' ही आपल्याकडे गौरवाची पदवी राहिली, समीक्षेची कोटी झाली नाही.

ही उणीव भरून काढण्याची शक्यता ज्या थोड्या मराठी पुस्तकांत आहे, त्यांत सतीश काळसेकर यांचे 'वाचणाऱ्याची रोजनिशी' (२०१०) हे महत्त्वाचे होय. या पुस्तकाला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा एका कवीला त्याच्या कवितेऐवजी वाचनाविषयीच्या लेखनासाठी हा सन्मान मिळतो आहे, याचे अनेकांना कौतुक वाटले. त्या कौतुकात एक सैद्धांतिक प्रश्न मात्र झाकला गेला : वाचकाची रोजनिशी ही समीक्षा आहे काय? असल्यास तिची प्रमाणे कोणती, आणि ती कोणत्या वाचकाला लागू पडतात? या प्रश्नाची तपासणी पुस्तकांनी समृद्ध अशा शहरात करणे सोपे आहे. जेथे पुस्तक आणि वाचक यांच्यामधले अंतर सर्वांत अधिक आहे, अशा प्रदेशात ती करणे अधिक बोधप्रद ठरेल. नंदुरबार जिल्हा हा तसा प्रदेश आहे.

२

काळसेकर (१९४३–२०२१) हे साठोत्तरी अनियतकालिकांच्या चळवळीतून पुढे आलेले कवी. 'इंद्रियोपनिषद्' (१९७१), 'साक्षात' (१९८२) आणि 'विलंबित' (१९९७) हे त्यांचे कवितासंग्रह. चरितार्थासाठी बँकेत नोकरी, आणि त्या नोकरीच्या अलीकडे-पलीकडे पुस्तके, मित्र, भटकंती व संपादन असा त्यांचा जीवनक्रम होता. 'वाचणाऱ्याची रोजनिशी' मधील लेखन मूलतः लोकवाङ्मय गृहाच्या 'आपले वाङ्मयवृत्त' या मासिकातील सदराच्या रूपाने प्रसिद्ध झाले. सदरलेखन हे मराठीत बहुधा हलक्या हाताने केलेले लेखन समजले जाते. पण या प्रकारातच त्याचे वेगळेपण दडलेले आहे.

रोजनिशी या रूपाची तीन वैशिष्ट्ये समीक्षेच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. पहिले, तीत अभिप्राय दिनांकित असतो. समीक्षालेख आपला निर्णय कालातीत असल्याच्या सुरात देतो. रोजनिशी मात्र त्या दिवसाचे, त्या वयाचे, त्या मनःस्थितीचे मत नोंदवते. त्यामुळे मत बदलण्याची मुभा तिच्या रूपातच अंतर्भूत असते. दुसरे, रोजनिशीत पुस्तक ही वस्तू असते. ते विकत घेतलेले असते, उसने आणलेले असते, कोणी पाठवलेले असते, अर्धे वाचून बाजूला ठेवलेले असते. समीक्षेला केवळ संहिता दिसते. रोजनिशीत किंमत, दुकान, टपाल आणि फडताळही असते. तिसरे, तीत अभिप्राय हा संभाषणाचा भाग असतो. एका पुस्तकावरून दुसरे, एका मित्राच्या सांगण्यावरून तिसरे, अशी ही साखळी चालते, आणि मूल्यमापन त्या साखळीतूनच आकार घेते.

अशा लेखनाची परंपरा मराठीत अगदीच नाही असे नव्हे. गोविंद तळवलकरांचे 'वाचता वाचता' हे नाव येथे प्रथम आठवते. मात्र दोहोंतील फरक मूलभूत आहे. तळवलकर हे १९६८ ते १९९६ या प्रदीर्घ काळात 'महाराष्ट्र टाइम्स' चे संपादक होते. त्यांच्या लेखनात वाचक हा ज्ञानाचा वितरक असतो. इंग्रजीतून प्रकाशित झालेल्या इतिहास, चरित्र व राजकारण यांवरील ग्रंथांचा सार आणि मर्म तो मराठी वाचकापुढे ठेवतो. तेथे एक जाणता आणि अनेक जिज्ञासू असे नाते आहे. काळसेकरांच्या लेखनात वाचकांचा गोतावळा आहे, आणि लिहिणारा त्यांतील एक आहे. तळवलकरांची नजर पश्चिमेच्या ग्रंथजगताकडे अधिक, तर काळसेकरांची हिंदी व अन्य भारतीय भाषांतील समकालीन कवितेकडे. अरुण कमल यांच्या हिंदी कवितांचा त्यांनी केलेला अनुवाद ही त्याच वाचनाची परिणती होय.

इंग्रजीत व्हर्जिनिया वुल्फने सॅम्युएल जॉन्सनकडून 'सामान्य वाचक' ही संज्ञा घेऊन १९२५ साली आपल्या लेखसंग्रहाला तेच नाव दिले. पंडित आणि समीक्षक यांच्याहून वेगळा, स्वतःच्या आनंदासाठी वाचणारा असा तो वाचक. परंतु वुल्फचा सामान्य वाचक एकटा असतो. त्याला स्वतःची खोली असते. काळसेकरांचा वाचक लोकलगाडीतला, कचेरीतला, पुस्तकांच्या दुकानात उभ्याने पाने चाळणारा आणि मित्रांच्या बैठकीतला आहे. वाचनाची सामाजिकता ही त्याच्या बाबतीत आगंतुक नाही. या अर्थाने 'रोजचा वाचक' ही कोटी 'सामान्य वाचक' या कोटीहून वेगळी ठरते.

३

आता या कोटीची दुसऱ्या भूमीवर परीक्षा करता येईल. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख. तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक. त्याच गणनेत साक्षरतेचे प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपास होते, आणि ते राज्यातील सर्व जिल्ह्यांत सर्वांत कमी होते. राज्याची सरासरी ८२ टक्क्यांच्या पुढे होती. वाचनसंस्कृतीविषयी बोलणारे सहसा या आकड्यांवर थांबतात आणि खंत व्यक्त करतात. समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट आकड्यांच्या मागे आहे, आणि ती भाषेची आहे.

या जिल्ह्यात भिलोरी, पावरी, मावची, देहवाली, अहिराणी, गुजरी अशा अनेक बोली नांदतात. शहरांतून गुजराती ऐकू येते. १९४२ च्या सप्टेंबरात नंदुरबारच्या रस्त्यावर गोळीबारात शिरीषकुमार व त्याचे सोबती हुतात्मा झाले. त्या मोर्च्याची आजही स्मरणात असलेली घोषणा गुजराती आहे. अशा या बहुभाषिक प्रदेशात प्रमाण मराठी ही शाळेची, कचेरीची आणि पुस्तकाची भाषा आहे. बहुसंख्यांच्या चुलीजवळची ती भाषा नव्हे. धडगावच्या डोंगरातील पावरा मूल जेव्हा पहिले पुस्तक उघडते, तेव्हा त्याला अक्षर आणि भाषा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शिकाव्या लागतात. त्याला आधी जगाचे भाषांतर करावे लागते आणि मग वाचन सुरू होते.

याचा अर्थ असा की, इझरने कल्पिलेला, संहितेतील रिकाम्या जागा आपल्या अनुभवाने भरणारा वाचक येथे वेगळ्याच स्थितीत सापडतो. संहितेतील रिकाम्या जागा भरण्यासाठी लेखक आणि वाचक यांच्यात काही सामाईक गृहीते असावी लागतात. १९६७ साली स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाने राज्यभरासाठी एकच पाठ्यपुस्तक सिद्ध केले, तेव्हा त्यामागे समतेचा उदात्त हेतू होता. परंतु एकच पुस्तक म्हणजे एकच गृहीत वाचक. त्या वाचकाच्या घरातील नाती, सण आणि खाद्यपदार्थ ज्याच्या घरात नाहीत, त्याच्यापुढे रिकाम्या जागांऐवजी बंद दारे उभी राहतात.

त्याच वर्षी, म्हणजे १९६७ मध्ये, महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदाही झाला. त्याने ग्रंथालयांना मान्यता, वर्गवारी आणि अनुदान यांची चौकट दिली, आणि तालुक्याच्या गावी ग्रंथालय उभे राहणे शक्य झाले. एका वर्षातील ही दोन कामे एकत्र पाहिली तर ध्यानात येते की, राज्यसंस्थेने पुस्तक वाचकापर्यंत नेण्याचा विचार केला. वाचकाची भाषा पुस्तकापर्यंत नेण्याचा विचार तिच्या कक्षेबाहेर राहिला.

रोजच्या वाचनाचा विचार करताना येथे आणखी एका गोष्टीची दखल घ्यावी लागते. सातपुड्यात कागदाशी माणसाचा पहिला संबंध पुष्कळदा गोष्टीच्या किंवा कवितेच्या पुस्तकातून येत नाही. तो सातबारा, वनखात्याचा पंचनामा, दंडाची पावती, भूसंपादनाची नोटीस यांतून येतो. सरदार सरोवराच्या जलाशयाने अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्या गावांपर्यंत पोहोचलेल्या छापील मजकुरात धरणाच्या नोटिसांचे स्थान काय असेल, याची कल्पना करता येते. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर हाच अनुभव उलट्या दिशेनेही आला. जंगलजमीन कसल्याबद्दल पूर्वी झालेल्या दंडाची पावती आता कसणूक सिद्ध करणारा पुरावा ठरू लागली. जो कागद गुन्ह्याची नोंद म्हणून फाटला होता, तोच हक्काचे साधन म्हणून पुन्हा वाचला गेला. संहितेचा अर्थ वाचकाच्या गरजेनुसार पालटतो, हे तत्त्व ग्रहणसिद्धांताने ज्या खटाटोपाने मांडले, त्याचे याहून लख्ख उदाहरण क्वचित सापडेल. वाचनाच्या इतिहासात मात्र या वाचनाची नोंद होत नाही, कारण ते वाङ्मयीन वाचन नव्हे.

४

मिशेल द सर्तो या फ्रेंच विचारवंताने दैनंदिन व्यवहारांवरील आपल्या ग्रंथात (१९८०) वाचकाला दुसऱ्याच्या रानात चोरून शिकार करणाऱ्या भटक्याची उपमा दिली आहे. लेखक जमीन कसतो, धान्य साठवतो. वाचक त्या जमिनीवरून जाताना आपल्याला हवे ते उचलतो. वाचकाच्या स्वातंत्र्याचा गौरव करणारी ही उपमा वाचकनिष्ठ समीक्षेत लोकप्रिय झाली. नंदुरबारच्या संदर्भात ती ठेवून पाहिली की तिच्यातील गृहीत उघडे पडते. जेथे पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीला 'अतिक्रमण' म्हटले गेले, जेथे जंगल तोडून केलेल्या शेताला लोक 'नेवाड' म्हणतात आणि सरकारी दफ्तर गुन्हा म्हणते, तेथे दुसऱ्याच्या जमिनीवरचा चोर ही वाचकाची प्रतिमा मुक्तिदायक राहत नाही. प्रश्न आधी हा येतो की, ती जमीन दुसऱ्याची कधी आणि कोणत्या लिखितामुळे झाली.

वाहरू सोनवणे यांच्या लेखनाचे महत्त्व या ठिकाणी स्पष्ट होते. शहादा परिसरातील श्रमिक संघटनेच्या चळवळीत कार्यकर्ता म्हणून घडलेल्या या भिल्ल कवीचा 'गोधड' हा संग्रह १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांची 'स्टेज' ही कविता सर्वाधिक चर्चिली गेली. आदिवासींच्या दुःखाविषयी इतरांनी मंचावरून बोलावे, आणि ज्यांचे दुःख त्यांनी खाली बसून ऐकावे, या विसंगतीवर ती बोट ठेवते. तिचे वाचन बहुधा राजकीय प्रतिनिधित्वाच्या अंगाने झाले आहे. पण ती वाचकाविषयीचीही कविता आहे. मंचावरील भाषणाचा विषय असणे आणि त्याचा श्रोता असणे या दोन स्थिती जेव्हा एकाच माणसात एकवटतात, तेव्हा ऐकणे ही निष्पाप क्रिया उरत नाही. पुस्तकाच्या बाबतीतही हेच घडते. सातपुड्याविषयी, आदिवासींविषयी मराठीत कादंबऱ्या आणि अहवाल लिहिले गेले. त्यांचा विषय असलेला माणूस त्यांचा गृहीत वाचक क्वचितच होता.

पालघर येथे १९९० साली भरलेल्या आदिवासी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून सोनवणे यांनी साहित्य म्हणजे लिहिलेले तेवढेच, ही व्याख्या अमान्य केली. मौखिक परंपरेला साहित्याचा दर्जा देण्याची ही मागणी आता बऱ्याच अंशी मान्य झालेली आहे. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात (२०१३) नंदुरबारच्या बोलींना स्वतंत्र स्थान मिळाले. परंतु तिचा वाचकविषयक निष्कर्ष अजून काढला गेलेला नाही. गायले-सांगितलेले जर साहित्य असेल, तर ऐकणारा हा वाचकाचा अपुरा किंवा प्राथमिक अवतार मानता येणार नाही. इंदलच्या रात्री जागून गायणे ऐकणारा पावरा श्रोता अभिनवगुप्ताच्या अटीत बसतो : सतत परिशीलनाने त्याचे मन घडलेले असते, कोठे चुकले आणि कोठे साधले हे तो जाणतो. त्याची अभिरुची आहे, तिला निकष आहेत. फक्त तिची रोजनिशी लिहिलेली नाही.

लिखित आणि मौखिक यांच्यामध्ये पूल बांधण्याचे प्रयत्न याच जिल्ह्यात झाले. नर्मदा खोऱ्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी आंदोलनाने सुरू केलेल्या जीवनशाळांतून मुलांना त्यांच्या बोलीतून अक्षरओळख देण्याचा उपक्रम झाला, आणि पावरी-भिलोरीतील कथा व माहिती वाचनपाठांत आली. शैक्षणिक प्रयोग म्हणून त्याची चर्चा झाली. समीक्षेच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, येथे प्रथमच गृहीत वाचक आणि प्रत्यक्ष वाचक एकाच गावचे झाले.

काळसेकरांच्या रोजनिशीचे जग आणि हे जग एकमेकांपासून सर्वस्वी तुटलेले होते, असेही नाही. अनियतकालिकांच्या चळवळीतील त्यांचे सहप्रवासी कवी तुळसी परब यांनी सत्तरच्या दशकात शहाद्याच्या चळवळीत काम केले. 'रोबो' या कादंबरीचे लेखक दीनानाथ मनोहर हेही याच चळवळीशी जोडलेले. धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या 'कवितारती' ने खानदेशात केवळ कवितेला वाहिलेले व्यासपीठ उभे केले. म्हणजे शहरातील वाचणारा तरुण डोंगरापर्यंत गेला होता, आणि डोंगरातील लिहिणारा तरुण त्याच काळात वाचू लागला होता. या भेटीतून राजकारण घडले, थोडी कविता घडली. वाचनाविषयीचा विचार त्यातून घडला नाही. आणि 'स्टेज' मधील तक्रारीचे एक मूळ कदाचित येथेच असावे.

५

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, वाचकाची भाषा, जात, गाव आणि खिसा यांचा विचार हा समाजशास्त्राचा विषय आहे; समीक्षेने कृतीकडे पाहावे. या आक्षेपात तथ्यांश आहे. कोणत्या जिल्ह्यात किती ग्रंथालये आहेत, यावरून एखाद्या कवितेची प्रत ठरत नाही. परंतु समीक्षा जेव्हा कृतीच्या परिणामाविषयी, तिच्या सार्वत्रिकतेविषयी किंवा तिच्या 'मराठीपणा'विषयी विधान करते, तेव्हा ती नकळत वाचकाविषयीच विधान करत असते. अशा वेळी तो वाचक कोण, हे विचारणे समीक्षेच्या कक्षेतच येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रोजनिशीतील अभिप्राय हे आत्मीयतेचे, सलगीचे असतात. मित्रांच्या गोतावळ्यातून होणाऱ्या वाचनात सदिच्छा वाढते आणि परखडपणा कमी होतो. शिवाय रोजनिशी लिहिण्यासाठी आधी पुस्तकांची विपुलता लागते; निवड करता येईल इतकी पुस्तके ज्याच्यासमोर आहेत, तोच आवडनिवड नोंदवू शकतो. हा दोष या वाङ्मयप्रकाराच्या मुळाशी आहे, आणि काळसेकरांसारखा उदार वाचकही त्यातून पूर्णतः सुटत नाही. नंदुरबारच्या कसोटीवर तो ठळक होतो : जेथे हाती एकच पुस्तक आहे, तेथे मत देणे म्हणजे निवड करणे नसते. ते पुस्तक आपल्याशी बोलते की आपल्याविषयी बोलते, एवढे ओळखणे हेच तेथे मत असते.

असे असले तरी रोजनिशीने दिलेली पद्धत टाकून देण्यासारखी नाही. अभिप्राय दिनांकित असावा, पुस्तक कोठून आणि कसे आले ते सांगितले जावे, आणि मत हे संभाषणाचा भाग मानले जावे, ही तिची तीन सूत्रे कोणत्याही वाचकाला उपलब्ध आहेत. त्यांत नंदुरबारच्या अनुभवाने चौथ्या सूत्राची भर घालावी लागते : वाचणारा कोणत्या भाषेतून त्या पुस्तकाकडे आला, हेही नोंदवले जावे. ज्या दिवशी अक्राणीतील एखादी शिक्षिका किंवा तळोद्याचा एखादा विद्यार्थी मराठी कादंबरीविषयीचे आपले मत पावरीत वा भिलोरीत मांडेल आणि ते मराठी समीक्षेत उत्तर देण्याजोगे मत म्हणून स्वीकारले जाईल, त्या दिवशी 'रोजचा वाचक' ही कोटी पूर्ण होईल. तोपर्यंत मराठी वाचकाविषयीची सर्व विधाने एका भाषेच्या घरात राहणाऱ्यांपुरती मर्यादित आहेत, याची जाणीव ठेवून करणे समीक्षेला आवश्यक आहे.